अक्षरांची हत्यारे : खिळ्यापासून युनिकोडपर्यंत

दहावी-बारावीच्या वर्गात चित्रकला बरी असलेली एक-दोन मुले असतातच. फळ्यावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाची पत्रिका, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ ही कामे आपोआप त्यांच्याकडे जातात. त्यांच्यापैकी कुणीतरी एक दिवस शिक्षकांना विचारते, "सर, मला ग्राफिक डिझाइन शिकायचंय, वेबसाइट बनवायच्या आहेत. काय काय घ्यावं लागेल?" उत्तरादाखल बहुधा संगणकाचा एखादा प्रकार आणि तीन-चार प्रणालींची नावे सांगितली जातात. मूल ती वहीत उतरवून घेते. पाच-सात वर्षांत त्यांतली निम्मी नावे मागे पडलेली असतात.

या प्रश्नाचे अधिक टिकाऊ उत्तर हवे असेल, तर थोडे मागे जावे लागेल. मराठीत काम करणाऱ्या रचनाकाराच्या हाती सर्वांत जास्त वेळा येणारी वस्तू म्हणजे अक्षर. चित्र नसलेली जाहिरात असू शकते, पण अक्षर नसलेले पुस्तक, फलक किंवा संकेतस्थळ क्वचितच सापडेल. म्हणून या लेखात आपण देवनागरी अक्षर छापण्याच्या आणि दाखवण्याच्या हत्यारांचा इतिहास पाहू. नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय जवळ ठेवावे हे त्यातून बरेचसे आपोआप कळेल.

सहाशे साचे

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात सुरू झाला. तो जेजुइट धर्मप्रसारकांनी आणलेला होता आणि त्याचे खिळे रोमन लिपीचे होते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले, पण रोमन लिपीत. ज्या भाषेच्या माधुर्याचे स्टीफन्सने कौतुक केले, तिची स्वतःची लिपी त्याला वापरता आली नाही. तसे करण्याची त्याची फार इच्छा होती. १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्याने अडचणही सांगितली आहे : युरोपात चोवीस साच्यांवर काम भागते, इथे सुमारे सहाशे लागतील.

हा आकडा अतिशयोक्तीचा वाटतो का? वर्गात हिशेब करून पाहता येईल. ३४ व्यंजने धरली आणि प्रत्येकाची बाराखडी लिहिली, तर ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपे झाली. त्यांत स्वर, अंक, विरामचिन्हे आणि नेहमीची जोडाक्षरे मिळवली की सहाशेचा पल्ला सहज गाठला जातो.

एक साचा म्हणजे किती काम, तेही पाहू. आधी पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा मूळ ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की खोलगट, सुलटी मातृका तयार होते. मातृका साच्यात बसवून वर शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला मिश्रधातू ओतला की उलट्या अक्षराचा खिळा मिळतो. खिळ्यांची उंची सर्वत्र सारखी, सुमारे २३.३ मिलिमीटर असावी लागते. एखादा खिळा केसभर जरी उंच राहिला, तरी त्याचे अक्षर कागदात रुतते आणि शेजारची अक्षरे पुसट उमटतात. असे सहाशे ठसे हाताने कोरणे म्हणजे कुशल कारागिराची कित्येक वर्षे.

तांबे, दगड आणि पोलाद

देवनागरीला छपाईच्या मार्गावर आणणाऱ्यांत कारागिरांचा वाटा फार मोठा आहे. चार्ल्स विल्किन्सने बंगाली खिळे पाडले आणि १७७८ साली हुगळी येथे त्यांनी पुस्तक छापले गेले. त्याच्याकडून ही कला पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आत्मसात केली. पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम कॅरेसाठी त्याने देवनागरी ठसे कोरले. कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली छापून निघाले. त्यातला मराठी मजकूर देवनागरीत आहे, कारण व्यवहारात चालणाऱ्या मोडी लिपीचे खिळे तोवर तयार नव्हते. ते झाल्यावर १८१० साली निघालेल्या त्याच्या मराठी कोशात मोडी वापरली गेली.

महाराष्ट्रातही वेगळ्या वाटेने प्रयत्न चालू होते. नाना फडणविसांनी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापवण्याचा घाट घातला होता. नानांचा मृत्यू १८०० साली झाला आणि ते काम मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये पुरे झाले. पत्र्यावर संपूर्ण पान कोरले जाते, त्यामुळे सहाशे साच्यांची कटकट नाही. पण एक अक्षर चुकले तर खिळ्यासारखे ते काढून दुसरे बसवता येत नाही आणि एका पुस्तकाचा पत्रा दुसऱ्या पुस्तकाला उपयोगी पडत नाही.

शिळाप्रेसमुळे आणखी एक सोय झाली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड पाण्याने ओला करायचा आणि त्यावर छपाईची शाई फिरवायची. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून शाई फक्त लिहिलेल्या भागाला धरते. आठवीच्या मुलालाही समजेल असे हे तत्त्व आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत याच पद्धतीने मराठी पंचांग छापले आणि पुढे देवनागरी खिळेही पाडले. जावजी दादाजी यांनी १८६४ साली खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या कारागिराने त्यांच्यासाठी कोरलेले ठसे इतके सुबक होते की निर्णयसागरचे वळण देशभर नमुना मानले गेले. लेखकांची नावे मुखपृष्ठावर येतात. ज्यांच्या हाताने त्या नावांची अक्षरे घडली, ते आरू आणि कर्मकार पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात.

खिळ्यांची संख्या कमी कशी करायची, हा प्रश्न मात्र छळतच होता. त्यावर दोन पद्धती रूढ झाल्या. 'अखंड' पद्धतीत मात्रा किंवा उकारासह अक्षर एकसंध ओतलेले असे. दिसायला सुंदर, पण खिळे भरमसाट आणि जुळाऱ्यासमोर घरांचे भलेमोठे जंगल. 'डिग्री' पद्धतीत ओळीचे तीन मजले करत : वर मात्रा-अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. प्रत्येक मजल्याचे खिळे वेगळे. खिळे कमी झाले, पण एका ओळीसाठी जुळाऱ्याला तीन ओळी जुळवाव्या लागू लागल्या. त्यात मात्रा थोडी सरकली तरी ती भलत्याच अक्षरावर बसे.

यंत्र म्हणते, लिपी बदला

विसाव्या शतकात टंकलेखन यंत्र आणि लायनोटाइप आले. लायनोटाइपच्या फलकावर ९० कळा होत्या. रोमनसाठी त्या पुरेशा होत्या, देवनागरीसाठी नव्हत्या. मग प्रश्न उलटा विचारला जाऊ लागला : यंत्राला लिपीजोगे करायचे, की लिपीला यंत्राजोगे? लोकमान्य टिळकांनी टाइपांची संख्या कमी करण्याच्या प्रयत्नांत स्वतः लक्ष घातले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे सोडून 'अ'लाच वेलांटी-उकार देण्याची सूचना केली. 'किर्लोस्कर' मासिकाने ही 'अ'ची बाराखडी काही काळ वापरलीही. जुन्या अंकांत ती पाहिली की आजच्या मुलांना गंमत वाटते, पण तिच्यामागे सहाशे साच्यांचा तोच जुना हिशेब होता.

ही सुधारणा पुढे टिकली नाही. लिपी बदलण्याआधी यंत्रच बदलले.

ठिपके आणि वक्ररेषा

संगणकाच्या पडद्यावर सुरुवातीला अक्षर म्हणजे ठिपक्यांची जाळी होती. २४ गुणिले २४ चौकटींची जाळी घेतली, तर ५७६ चौकटी झाल्या. प्रत्येक चौकट काळी किंवा पांढरी, म्हणजे एक बिट. ५७६ बिटांचे ७२ बाइट. हिशेब सोपा आहे, पण अक्षर चौपट मोठे केले की त्याच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसू लागतात. प्रत्येक आकारासाठी वेगळी जाळी ठेवावी, तर साच्यांचा प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहतो.

त्याचे उत्तर मोटारींच्या कारखान्यातून आले. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए हे दोघे गाडीच्या पत्र्याचे वळण गणिताने कसे मांडावे याचा विचार करत होते. कास्तेल्जोची रीत १९५९ इतकी जुनी, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. त्यामुळे या वक्ररेषांना बेझिएचे नाव मिळाले. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टने आणि १९९१ च्या ट्रूटाइपने अक्षरांसाठी अशाच वक्ररेषा वापरल्या. आता अक्षराचे ठिपके साठवायचे नव्हते. त्याच्या कडेवरचे आणि कडेला दिशा देणारे मोजके बिंदू साठवले की पुरे. मग तेच अक्षर तळटिपेत छापा किंवा रस्त्यावरच्या फलकावर रंगवा, कडा गुळगुळीतच राहते.

ही रीत आलेखाच्या कागदावर करून पाहता येते. अ, ब, क असे एका रेषेत नसलेले तीन बिंदू घ्या. अब चा मध्य ड, बक चा मध्य ई. आता डई जोडा आणि तिचा मध्य फ काढा. फ हा बिंदू वक्ररेषेवर आहे आणि डई ही तिथली स्पर्शिका आहे. पुढे अ, ड, फ आणि फ, ई, क या दोन त्रिकुटांवर हीच कृती करा. दोन-तीन फेऱ्यांत कागदावर एक सुंदर वळण उमटते. हे वळण म्हणजे अन्वस्ताचा तुकडा असतो. 'व'चे पोट अशाच तुकड्यांचे बनलेले असते, हे समजल्यावर भूमितीच्या तासाला चित्रकलेची मुले पुढच्या बाकावर येऊन बसतात.

एकाचे अक्षर दुसऱ्याचा गोंधळ

आकाराचा प्रश्न सुटला, ओळखीचा राहिला. संगणक अक्षर साठवतो तो अंक म्हणून. कोणत्या अक्षराला कोणता अंक, याचा करार सर्वांत समान हवा. १९९० च्या दशकात मराठीत तो सर्वमान्य नव्हता. अक्षरसंच बनवणारा प्रत्येक जण रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसवत होता. आम्ही त्या काळात एका नियतकालिकाला फ्लॉपीवर मराठी लेख पाठवला होता. तिकडे तो उघडला तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी दिसली. त्यांच्याकडे आमचा अक्षरसंच नव्हता. अखेर सगळा लेख पुन्हा टाइप करावा लागला. त्या वर्षांत संगणकावर साठवलेला कितीतरी मराठी मजकूर आज याच कारणाने सहजासहजी वाचता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे निर्णयसागरचे पुस्तक आपण कपाटातून काढून वाचतो आणि तीस वर्षांपूर्वीची फाइल वाचू शकत नाही, यावर विचार व्हायला हवा.

खरे तर उपाय देशातच शोधला गेला होता. आय. आय. टी. कानपूरमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतीय लिप्यांसाठी समान संकेत बनवण्याचे काम झाले. पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढले आणि १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. त्यामागची कल्पना आपल्या वर्णमालेतूनच आली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य हा उच्चारस्थानांचा क्रम ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना समान आहे. म्हणून अंक आकाराला न देता वर्णाला दिला. 'शक्ती' हा शब्द श, क, हलन्त, त, दीर्घ वेलांटी अशा पाच संकेतांनी साठवायचा आणि 'क्त' कसे दिसावे हे अक्षरसंचावर सोपवायचे. 'कि' मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण साठवताना क आधी, वेलांटी नंतर. सहाशे साच्यांच्या जागी आता शंभराच्या आसपास संकेत पुरले.

१९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ घरे मिळाली, ती १९८८ च्या इस्कीच्या मांडणीवर आधारलेली होती. युनिकोडमध्ये देवनागरी 'क'चा अंक २३२५ आहे. त्यात १२८ मिळवले की २४५३, हा बंगाली 'क'. आणखी १२८ मिळवले की गुरुमुखी, आणखी १२८ मिळवले की गुजराती. वर्णमालेचा क्रम गणितात उतरला तो असा.

विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी अक्षरसंच घरोघरी पोचला. तो र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. जोशी कवी होते, सुलेखनकार होते, जाहिरात क्षेत्रात काम केलेले होते आणि आय. आय. टी. मुंबईत शिकवत होते. बोरू धरण्याचा सराव असलेला हात आणि संगणकाचे शास्त्र यांची गाठ पडली, तेव्हा हे काम झाले. तरीही मराठीच्या काही गरजा मागे राहिल्या होत्या. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आले ते २००८ साली. 'वाऱ्या'तला ऱ्य आणि मराठी वळणाचे ल आणि श यांसाठीही पाठपुरावा करावा लागला. शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला आणि लिपी यांबाबत निर्णय काढला, त्यामुळे अक्षरसंच बनवणाऱ्यांना आधार मिळाला.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पहिले साधन बोरू किंवा कापलेल्या टोकाचा पेन आणि आलेखाचा कागद. देवनागरी अक्षराची जाड-बारीक रेषा बोरूच्या तिरक्या कापातून जन्मली. तो हातात घेतल्याशिवाय 'र'चे वळण असेच का, हे कळत नाही. खर्च नगण्य आहे.

दुसरे साधन युनिकोड आणि इन्स्क्रिप्ट कळफलक. यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे, क आणि ख एकाच कळीवर. आठ-दहा दिवसांच्या सरावाने हात बसतो. पुढे केलेले कोणतेही काम कुठेही वाचता येईल, याची ही हमी आहे.

तिसरे, चित्र आणि अक्षर घडवण्याच्या मुक्त प्रणाली. वक्ररेषांच्या चित्रांसाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी गिंप, स्वतःचा अक्षरसंच बनवायचा असेल तर फॉन्टफोर्ज. तिन्ही विनामूल्य आहेत. महागड्या प्रणालीची चोरटी प्रत मुलांना देण्याची वेळ शाळेवर येऊ नये. बेझिएची वक्ररेषा सगळीकडे एकच आहे. ती एका ठिकाणी शिकलेला विद्यार्थी दुसरी प्रणाली आठवड्यात शिकतो.

चौथे, मुक्त परवान्याचे चांगले अक्षरसंच. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे संच कुणालाही विनामूल्य वापरता येतात. परवाना वाचण्याची सवय लावणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, कारण अक्षरसंच ही कुणाच्या तरी मेहनतीची वस्तू असते.

संकेतस्थळासाठी एक साधा मजकूर-संपादक आणि ब्राउझर पुरतो. मात्र दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याची खूण लिहावी. काही अक्षरसंच ती खूण वाचून ल आणि श यांची मराठी वळणे दाखवतात. दुसरे, ओळींमधले अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावे. आपल्या ओळीला अजूनही तीन मजले आहेत. डिग्री पद्धत गेली, मात्रा आणि उकार राहिले.

मोडीची गोष्ट

शेवटी मोडीबद्दल. कॅरेच्या काळात व्यवहाराची लिपी मोडी होती. तिला खिळे मिळाले, पण छापील पुस्तकांच्या जगात देवनागरीच स्थिरावली. मोडीच्या जोडलेल्या, धावत्या अक्षरांचे खिळे करणे अवघड होते. एवढे एकच कारण नव्हते, पण हेही एक कारण होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून गेली. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि इतर अभिलेखागारांत मोडी कागदांचे ढीगच्या ढीग आहेत आणि ते वाचणारी माणसे थोडी आहेत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. हत्यार मिळायला लिपीला इतका उशीर झाला की तोवर तिचे वाचकच उरले नव्हते.

म्हणून पुढच्या वेळी वर्गातले एखादे मूल साधनांची यादी मागेल, तेव्हा त्याला आधी एक काम द्यावे. स्वतःच्या आडनावातली अक्षरे बोरूने लिहायची, आलेखाच्या कागदावर त्यांचे बिंदू मांडायचे आणि मग संगणकावर वक्ररेषांनी ती पुन्हा काढायची. आठवडाभराचे काम आहे. पंचानन आणि राणोजी यांनी पोलादावर जे केले, त्याचा थोडा अंदाज त्या मुलाला येईल. काय काय घ्यावे लागेल, हा प्रश्न त्यानंतर तो वेगळ्या शब्दांत विचारेल.